ठेवते म्हटल्यानंतर

माझी आई फोनवर महत्त्वाचे काहीही आधी सांगत नाही. आधी सांगलीतले ऊन, मग दूधवाल्याचे खाडे, मग खालच्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे, मग मी आज काय रांधले याची चौकशी, आणि हे सारे संपले की एक लहानसा श्वास सोडून ती म्हणते, "बरं, ठेवते." आमच्या घरात या शब्दाने कोणीही फोन ठेवत नाही. तो म्हटल्यावर तिच्या वेताच्या खुर्चीची बैठक कुरकुरते, म्हणजे ती आणखी मागे रेलून बसलेली असते, आणि मग येते ते वाक्य: "अगं, एक राहिलंच." जे राहिलेले असते तेवढ्यासाठीच तो सगळा फोन असतो. बाबांना रात्री धाप लागते हे मला असेच कळले होते. ते गेल्यानंतर घर सोडून कुठेही जायचे नाही, हा तिचा निर्णयही मी असाच ऐकला.

तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बाबा असताना झाले, पण त्या डोळ्याची नजर पुरती परतली नाही. दुसऱ्या डोळ्यावर आता दुधावरच्या सायीसारखे काही धरले आहे. पडद्यावरची अक्षरे तिला दिसत नाहीत, चेहरेही धूसर दिसतात, म्हणून मोठ्या आकड्यांची बटणे असलेला साधा फोन तिच्यापाशी आहे. व्हिडिओ नाही, इंटरनेट नाही. तिच्या आणि माझ्या मध्ये फक्त आवाज उरला आहे.

मी जपानमध्ये, निशी-कसाईला राहते. नवऱ्याची संगणकातली नोकरी आम्हाला पुण्याहून इथे घेऊन आली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गेल्या वसंतात स्टेशनाजवळच्या दुकानातून मी करारावर नवा फोन घेतला, तो केवळ आईसाठी. त्या करारात भारतातल्या साध्या फोनवर हवे तितके बोलण्याची सोय होती. दुकानातल्या तरुणाने टॅबलेटची एक पाटी पुढे सरकवली, बोटाने कुठे टेकायचे ते दाखवले, आणि मी 'मान्य आहे', 'मान्य आहे' असे टेकत गेले. माझा जुना, कोपरा तडकलेला पण कधीही न अडणारा फोन त्यांनी बदल्यात जमा करून घेतला. तो त्यांच्या ट्रेमध्ये पालथा पडलेला पाहताना मला उगाच चुकल्यासारखे वाटले होते.

उन्हाळा संपत आला तेव्हा दोष कळला. खाली झाडांत सेमी, म्हणजे इथले ते किर्र ओरडणारे किडे, दिवसभर तापलेल्या तव्यावर मोहरी तडतडावी तसे वाजत होते. आईची दुपारची वामकुक्षी आटोपते तेव्हा इथे संध्याकाळ उतरायला लागलेली असते. मी बाल्कनीत वाळलेल्या कपड्यांच्या साबणगंधात बसून बोलत होते. फोनची काच गालाला ऊन लागू लागली होती.

"बरं, ठेवते," आई म्हणाली. खुर्ची कुरकुरली. "अगं, एक राहिलंच. तुला विचारायचं होतं."

"विचार ना," मी म्हणाले.

"ऐकतेयस का?"

"ऐकतेय. विचार."

"हॅलो? अगं?"

"आई, मी इथेच आहे. बोल."

तिच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तोसुद्धा मला स्पष्ट ऐकू येत होता. मग ती पुटपुटली, आणि ते मला उद्देशून नव्हते, स्वतःशीच होते: "कामात दिसतेय. असू दे." आणि फोन बंद झाला.

कोणी आपल्या अनुपस्थितीचा निर्णय घेत असताना तो निर्णय कान लावून ऐकावा लागणे, याला मला आजही नीट शब्द सापडलेला नाही. मी लगेच पुन्हा फोन लावला. तिने दोनदा हॅलो म्हटले, मी ओरडून उत्तर दिले, समोरच्या इमारतीतल्या बाईंनी कपडे काढता काढता मान वळवली, आणि आईने फोन ठेवला. तासाभराने फोन गार झाल्यावर तिसऱ्यांदा लावला तेव्हा सारे सुरळीत होते.

"काय विचारायचं होतं मघाशी?"

"काही नाही गं. असंच."

"सांग की."

"अगं, खरंच काही नाही. तू जेवणाचं बघ."

ठेवते म्हटल्यानंतर येणारी गोष्ट सुरुवातीला मागता येत नाही. मागितली की ती आत जाऊन बसते.

पुढच्या वेळीही तेच झाले, त्याच्या पुढच्या वेळीही. बोलणे लांबले, काच तापली, की माझा आवाज जाणे बंद होई आणि तिचा येत राही. कानात इअरफोन घातले तरी फरक पडत नसे. आणि दर वेळी तो दोष नेमका तिच्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर येऊन थांबे. "विचारीन म्हणते गं तुला, पण..." इतके ऐकू येई, मग "हॅलो", मग नळाचे ठिबकणे.

"माझ्या फोनवरून बोल ना," नवरा म्हणाला. रविवारी तसे केले.

"जावईबापूंचा आहे ना हा फोन?" आईने विचारले. "मग आटप लवकर. त्यांना ऑफिसचे फोन येत असतील."

"आज रविवार आहे, आई."

"रविवारी नाही येत?"

"नाही."

"एखादा येतही असेल. आपण कशाला अडवायचा."

ऊन, दूधवाला आणि गुडघे तिने एका दमात उरकले. खुर्ची एकदाही कुरकुरली नाही. ती उभी राहून बोलत होती. जावयाच्या फोनवर बसून बोलायचे नाही, असा काहीसा नियम तिच्या मनात असावा, आणि त्या नियमापुढे माझे काही चालण्यासारखे नव्हते.

दुकानात जायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. ठरलेल्या दिवशी मी सायकल लावून आत गेले, तो थंड हवेचा आणि लिंबाच्या वासाच्या जंतुनाशकाचा एक झोत अंगावर आला. तोच तरुण होता. ओंजळीत पाखरू घ्यावे तसा त्याने माझा फोन दोन्ही हातांनी घेतला, आणि दोष काय आहे हे ऐकण्याच्या आधीच माझी क्षमा मागितली. मग तो आतल्या खोलीत गेला आणि दुकानाच्या फोनवरून मला फोन केला.

"मोशी मोशी," तो इथले हॅलो म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

"मलाही येतंय," असे म्हणून तो हसत बाहेर आला.

मी माझ्या जपानीत, शब्दांना चाचपत, सांगितले की दोष लगेच दिसत नाही. बराच वेळ बोलले की फोन तापतो, मग माझा आवाज पलीकडे जात नाही.

"बराच वेळ म्हणजे किती?"

आईने ठेवते म्हटल्यावर, एवढेच खरे उत्तर माझ्याजवळ होते. ते जपानीत कसे सांगावे ते मला सुचले नाही. "गरम चहा निवून त्यावर साय येईपर्यंत," मी म्हणाले, आणि बोलता बोलता लक्षात आले की इथल्या चहावर साय येतच नाही.

तो अतिशय सभ्यपणे गोंधळला. "एवढा वेळ... फोनवर? नुसतं बोलून?"

त्याचे आश्चर्य मला समजत होते. या शहरात लोक फोनवर बोलतात ते तोंडावर हात धरून, न दिसणाऱ्या माणसाला वाकून नमस्कार करत, आणि शक्य तितके लवकर संपवून. गाडीत फोन वाजला तर माणूस लाजून पुढच्या स्टेशनावर उतरतो. आमचे ते तासभर सांडत राहणारे बोलणे त्याच्या तपासणीत कुठेच बसत नव्हते.

फोन दुरुस्तीला गेला. बदली फोन देण्याची पद्धत त्या दुकानात आता बंद झाली होती. तितके दिवस मी नवऱ्याच्या फोनवरून आईचे उभे राहून बोलणे ऐकले. मग फोन परत आला, एका बुडबुड्यांच्या पिशवीत, सोबत छापील चिठ्ठी: तपासणी केली, सांगितलेले लक्षण आढळले नाही, यंत्र निर्दोष आहे.

संध्याकाळी ती चिठ्ठी नवऱ्याने वाचली आणि त्याला हसू आवरेना. "कॅनॉट रिप्रोड्यूस. आम्हीही ऑफिसात हेच लिहितो आणि केस बंद करून घरी येतो."

"मग ज्याला त्रास होतोय त्याने काय करायचं?"

"त्याने परत लिहायचं. चिकाटी असेल तर."

"आणि आईने?"

तो चपात्यांचा डबा उघडत होता. झाकण हातात धरून थांबला. "सॉरी," तो म्हणाला. "तिला काय विचारायचं असेल गं?"

"तेच तर कळत नाहीये."

त्यानंतरचा महिना मी एका वर्तुळात फिरत होते. दुकान म्हणाले, यंत्राचा दोष असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीने पाहायचा. बनवणारी कंपनी म्हणाली, यंत्र निर्दोष ठरले आहे, आवाज जात नसेल तर तो वाहून नेणाऱ्या कंपनीचा प्रश्न. हातात एक वस्तू, आणि तिचे धनी तीन. करार रद्द करते म्हटले तर उत्तर आले की बोलण्याचा करार जरूर रद्द करता येईल, पण यंत्राचे हप्ते हा वेगळा करार आहे, तो चालूच राहील. म्हणजे फोन नसताना फोनचे हप्ते भरायचे. प्रत्येकजण हे इतक्या मऊ आवाजात, इतक्या वेळा क्षमा मागून सांगत असे की रागाला टेकायला कठीण जागाच मिळत नसे. कापसाच्या ढिगावर मुठी आपटाव्यात तसे झाले होते. हळूहळू माझ्या ध्यानात आले की या क्षमेचा अर्थ कबुली असा होत नाही. तुम्हाला त्रास झाला याचे आम्हाला वाईट वाटते, एवढाच तिचा अर्थ असतो. त्रास आमच्यामुळे झाला हे त्यात येत नाही.

एकदा आवाज वाहून नेणाऱ्या कंपनीच्या तक्रार केंद्राला मी त्याच फोनवरून फोन लावला. एक पियानोची धून पुन्हा पुन्हा वाजत राहिली. थोड्या थोड्या वेळाने एक बाई त्या धुनेतून डोके वर काढून, आमच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत, असे सांगून पुन्हा बुडून जात. धून थांबली तेव्हा काच माझ्या कानाला चटका देऊ लागली होती.

"वाट पाहायला लावल्याबद्दल क्षमस्व," एक कोवळा आवाज म्हणाला. "काय मदत करू?"

मी सांगू लागले.

"मोशी मोशी? ओक्याकु-सामा?"

ओक्याकु-सामा म्हणजे ग्राहक महोदया. त्या महोदया स्वयंपाकघरात उभ्या राहून, आपण बोलत आहोत, आपण अजूनही बोलत आहोत, असे भिंतीला सांगत होत्या.

"आपला आवाज येत नसल्यामुळे फोन ठेवत आहे. क्षमस्व," तो आवाज म्हणाला, आणि फोन ठेवताना बहुधा वाकलाही असेल.

पुढच्या खेपेला दुकानातल्या तरुणाने संगणकात पाहिले आणि हळूच म्हणाला, "नोंद आहे की आपण तक्रार केंद्राला फोन केला होता. पण आपण काही बोलला नाहीत."

मी सायकल काढून बाहेर आले. किनमोकुसेईची ती नारिंगी, जर्दाळूसारखी गोड फुले त्याच आठवड्यात उमलली होती. सबंध गल्ली त्या वासाने जड झाली होती. दर वर्षी या वासाने मी थांबते. त्या दिवशी मला तो सहन झाला नाही.

आमच्या वॉर्डातल्या ग्राहक सल्ला केंद्राविषयी शेजारच्या इमारतीतल्या एका मराठी मैत्रिणीने सांगितले होते. तिथल्या बाईंचे केस पांढरे होते आणि आवाज बारीक. माझे जपानी ऐकून त्यांनी आपली वाक्ये लहान केली, पण माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलल्या नाहीत.

"तुम्हाला काय हवं आहे?" त्यांनी विचारले. "दुरुस्ती, बदली, की करार मोडायचा?"

"माझ्या आईला माझा आवाज ऐकू यायला हवा."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर कुठल्यातरी रकान्यात बसते, असे त्यांनी दाखवले. मग त्या म्हणाल्या की विकलेली वस्तू करारात म्हटल्याप्रमाणे चालत नसेल तर विकणाऱ्याकडे दुरुस्ती किंवा बदली मागण्याचा हक्क कायद्याने मला आहे. बनवणाऱ्याकडे जा म्हणून विकणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. "पण दोष त्यांच्या डोळ्यांना दिसायला हवा. ते कशी तपासणी करतात?"

"एकदा मोशी मोशी म्हणतात. मी होय म्हणते. झालं."

"आणि तुम्ही आईशी कसं बोलता?"

मी सांगितले. ऊन, दूधवाला, गुडघे, आणि ठेवते म्हटल्यानंतरचे ते सारे. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "माझ्या आईशी मी इतकं कधी बोलले नाही," कागदाकडेच पाहत त्या म्हणाल्या, आणि मग माझ्यासमोरच त्यांनी दुकानाला फोन लावला. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. त्या केवळ तेच वाक्य वेगवेगळ्या आदरार्थी रूपांत पुन्हा पुन्हा ठेवत राहिल्या: या ग्राहक जसा फोन वापरतात, तशीच तपासणी करावी.

म्हणून एका दुपारी मी त्या दुकानात काचेच्या टेबलापाशी बसले. शेजारी दुकानाचे व्यवस्थापक, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. तो तरुण आतल्या खोलीत, दार लावून, दुकानाचा फोन कानाला लावून. मी बोलायचे, त्याने ऐकायचे, फोन तापेपर्यंत.

मी जपानीत सुरुवात केली. हवा छान आहे म्हणाले. फुलांचा वास येतो आहे म्हणाले. तुमच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. माझी सायकल निळी आहे. दर वाक्यानंतर कानात त्याचे "हाय" येई, म्हणजे हो. सायकलीपाशी माझे जपानी संपले. मी व्यवस्थापकांकडे पाहिले.

"कोणत्याही भाषेत चालेल," ते म्हणाले. "कृपया थांबू नका."

मग मी मराठीत बोलू लागले. त्या अनोळखी मुलाला मी सांगितले की काल थालीपीठ केले होते, आईने पाठवलेली भाजणी आता डब्याच्या तळाशी गेली आहे आणि डबा उघडला की धन्याचा वास आता पूर्वीसारखा नाकाशी येत नाही, वाकावे लागते. कुकरची रिंग सैल झाली आहे, इथे तशी मिळत नाही, त्यामुळे वरण तळाला लागते. बाल्कनीतली तुळस जगली, पण तिला मंजिऱ्या येत नाहीत. तो म्हणत होता, "हाय... हाय..." आणि माझ्या वाक्यांतल्या पोकळ्या त्याला भाषा न समजता बरोबर सापडत होत्या. इथल्या 'हाय'चा अर्थ होकार असतोच असे नाही. मी इथे आहे, पुढे बोला, एवढाही तो असू शकतो. माझी आई गेले दोन महिने माझ्याकडून तेवढेच मागत होती.

काच ऊन झाली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "बरं, ठेवते."

"हाय," तो म्हणाला.

"एक राहिलंच," मी म्हणाले. "तू मला काहीतरी विचारणार आहेस आणि मला ते कळत नाहीये. मी रोज अंदाज करते. घराचं असेल, पैशांचं असेल, डोळ्याचं असेल. तुला वाटतं मी कामात असते. मी काहीही करत नसते गं. मी फोन कानाला लावून उभी असते आणि तुझ्या नळाचा आवाज ऐकत असते..."

"मोशी मोशी?"

मी बोलत राहिले.

"मोशी मोशी? ओक्याकु-सामा? ऐकू येतंय का?"

आतले दार उघडले. तो दुकानाचा फोन कानाला लावून उंबऱ्यात उभा राहिला. त्याचे "मोशी मोशी" आता मला दोनदा येत होते, एकदा खोलीतून आणि एकदा, किंचित उशिरा, कानातून. माझे ओठ हलताना त्याला दिसत होते. त्याने आपला फोन कानावरून काढला, त्याच्याकडे पाहिले, पुन्हा लावला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी भीती उमटली. जणू मी पाण्याखाली होते आणि तो काठावर.

व्यवस्थापक उभे राहिले. "लक्षण आढळले," ते म्हणाले, आणि पुष्कळ खाली वाकले.

वस्तू बिघडलेली आहे हे सिद्ध झाल्याचा मला जो आनंद झाला, त्याची त्याच क्षणी चीडही आली. दोन महिने मी जे सांगत होते तेच आता खरे ठरले होते, कारण ते त्यांच्या कानाला घडले होते. आणि तरीही हातात लगेच काही पडले नाही. हा अहवाल आधी वर जाणार होता, वरून मंजुरी येणार होती, मग नवा फोन येणार होता. तोवर, व्यवस्थापक म्हणाले, शक्य असल्यास कमी वेळ बोलावे.

नवा फोन आला तेव्हा रस्त्यावरची नारिंगी फुले गळून, झाडाखाली भिजलेल्या रांगोळीसारखी पसरली होती. पेटीसोबत एक क्षमापत्र होते आणि त्या दुकानात पुढच्या खरेदीवर मिळणाऱ्या सवलतीचे एक कूपन. मी ते नवऱ्याला दिले. तो म्हणाला, "फ्रेम करूया?" मी हसले नाही, मग हसले.

संध्याकाळी बाल्कनीत बसून आईला फोन लावला. सांगलीत ऊन कमी झाले होते. दूधवाला नियमित येत होता. काकूंनी गुडघ्यांना नवे तेल लावले होते.

"बरं, ठेवते," आई म्हणाली.

मी वाट पाहिली. खुर्ची कुरकुरली नाही. आणि मग तिने खरोखरच फोन ठेवला.

फोनचा यात काहीच दोष नव्हता. तो माझ्या हातात गार आणि निर्दोष होता. दोन महिन्यांत माझ्या आईने ठेवते म्हटल्यावर ठेवायला शिकून घेतले होते. हे मी कोणत्या दुकानात परत नेऊन द्यायचे होते?

मी पुन्हा फोन लावला.

"आता काय राहिलं?" तिने विचारले.

"माझं राहिलंय. तू बस बघू आधी."

"बसलेच आहे."

"नाही बसलेली. खुर्ची वाजली नाही."

ती हसली. खुर्ची वाजली. मग मी तिला धरून ठेवले. भाजणीचे प्रमाण विचारले, जे मला पाठ आहे. कुकरच्या रिंगेचे सांगितले, तुळशीचे सांगितले. दुकानात एका मुलाशी मराठीत बोलले तेही सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बिचारा. त्याला भूक लागली असेल थालीपीठ ऐकून." काच ऊन होऊ लागली. मी गालापासून फोन हलवला नाही.

"सुधारला म्हणायचा तुझा फोन," ती म्हणाली.

"सुधारला नाही, नवा दिला."

"मला वाटायचं तू दुसरं काहीतरी करत असतेस. माझं ऐकत ऐकत."

"नाही गं."

नळ ठिबकला. तिने श्वास सोडला. "डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख दिली होती," ती म्हणाली. "ते थेंब घालायला महिनाभर कुणीतरी लागतं. मागच्या वेळी हे होते. घड्याळ लावून घालायचे. माझा हात नेमका डोळ्यावर जात नाही, गालावरून ओघळतं सगळं. म्हटलं, तुला विचारावं, येता येईल का."

"कधीची तारीख होती?"

"गेली ती. काकू म्हणाल्या, मी घालते, पण त्यांचे हात थरथरतात. म्हटलं, राहू दे. तुला विचारल्याशिवाय कसं ठरवायचं. डॉक्टर जरा रागावले, लांबवू नका म्हणाले. आता दिवाळीनंतर."

समोरच्या बाल्कनीत कोणीतरी गाद्या झटकत होते. त्या आवाजात मी क्षमापत्र आठवले, कूपन आठवले, आणि त्या वर्तुळातले सगळे मऊ आवाज आठवले. करारात अनेक कलमे होती, मी प्रत्येकाला बोट टेकवून होकार दिला होता. या गेलेल्या तारखेसाठी त्यात एकही नव्हते.

"मी येते," मी म्हणाले.

पलीकडून काही आले नाही.

काच आता चांगलीच तापली होती. मी पडद्याकडे पाहिले. फोन चालू होता. पुन्हा कानाला लावला. नळाचा आवाजही नव्हता.

"आई? मी येते म्हणाले. महिनाभर येते. ऐकू येतंय का?"

"आलं की पहिल्यांदाच," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "जरा गप्प बसू दे मला."

मी गप्प बसले. उंच रुळांवरून तोझाई मार्गाची गाडी निशी-कसाईत शिरली, तिच्या डब्यांची लांबलचक घरघर इमारतींच्या मधून माझ्यापर्यंत आली, आणि विरून गेली.

"गाडी गेली वाटतं तुझ्याकडे," आई म्हणाली.